सरगुंडे आणि दोन हातांची रेघ

माळ्यावरून काड्यांचा डबा खाली उतरला की आमच्या घरी उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. कॅलेंडरशी त्याचा काही संबंध नाही. आमच्या नेर गावचं ऊन होळीपासूनच पाठीला चटके देत असतं, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण या सगळ्याला आत्याबाई उन्हाळा म्हणत नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गुळगुळीत झालेल्या त्या काड्या धुऊन, पुसून त्यांनी अंगणात सुपात ठेवल्या की मग खरा उन्हाळा.

सरगुंडे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगताना माझी नेहमी फजिती होते. गव्हाची घट्ट मळलेली कणीक, तिची हातावर वळून काढलेली दोऱ्यासारखी बारीक वळी, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद सरकवून कापडावर सोडायची. वाळल्या की छोट्या स्प्रिंगा तयार. आमरसाबरोबर खायचे. एवढं सांगून झालं की समोरचा विचारतो, "म्हणजे शेवयाच ना?" मग मी सोडून देते. शेवयांना घाई चालते. सरगुंड्यांना चालत नाही. एका बाईनं एकटीनं करायचं हे कामच नाही. दोघी-तिघी मांडीला मांडी लावून बसल्या, गप्पांना ऊत आला, की दुपारभरात एक सूप भरतं.

खाली अंथरायच्या कापडाबद्दल आत्याबाई भारी चोखंदळ. त्यांचे वडील मागावर जाडंभरडं कापड विणायचे आणि बाजाराच्या दिवशी गठ्ठा डोक्यावर घेऊन विकायला न्यायचे. त्यामुळे कापडाला नुसतं बोट लावून त्या त्याची कुंडली मांडतात. लग्नानंतर माझ्या शालूला त्यांनी पहिल्यांदा हात लावला आणि म्हणाल्या, "पोरी, फसवलं तुह्या बापाले." मला तेव्हा रडू आलं होतं. आता आठवलं की हसू येतं.

यंदा डबा उतरला, काड्यांचा तो थोडा तेलकट, थोडा पिठूळ वास आला आणि मी नको म्हणत असताना मन त्या उन्हाळ्यात जाऊन बसलं. त्या वर्षी मी सरगुंडे एकटीनं केले होते.

माझ्या छातीत एक धातूची झडप आहे. लहानपणी ताप येऊन गेला, सांधे दुखले, बरी झाले, सगळे विसरले. हृदय विसरलं नव्हतं. लेकीच्या, मिनूच्या वेळी आठव्या महिन्यात दोन पायऱ्या चढले की धाप लागायची, तेव्हा कळलं. मिनू वर्षाची झाल्यावर नागपूरला ऑपरेशन झालं. आमच्याकडे सगळे त्याला 'वॉल बदलला' असं म्हणतात. हा वॉल वाजतो. टिक, टिक, टिक. वर्गात पोरं गणितं सोडवत असली आणि पंखा बंद असला की पहिल्या बाकावरचं एखादं पोर हमखास घड्याळ शोधायला लागतं. मी शाळेत शिकवते. चौथीला मापन हा धडा मी इतक्यांदा शिकवला आहे की झोपेतही सांगेन. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे लक्षात असू द्या.

सुट्टी देताना नागपूरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि महिन्याला रक्ताची तपासणी. रक्त घट्ट झालं तर वॉलवर गाठ धरते. दुसरी गोष्ट आवाजाची. "आवाज बदलला, दबका झाला, तर उभ्या पावली या," ते म्हणाले. आत्याबाई खाटेशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दबका म्हंजे कसा साहेब?" डॉक्टर हसले. त्यांनी टेबलावर पेन वाजवून दाखवला. मग पेनाला रुमाल गुंडाळला आणि पुन्हा वाजवला. आत्याबाईंनी ते पुन्हा एकदा करायला लावलं.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी माणसासारखी जगले. शाळा, घर, मिनू, भाजीबाजार. मी हृदयरोगी आहे हे मला गोळी घेताना आठवायचं तेवढंच.

आणि मग तो मार्च आला. शाळा बंद. एसटी बंद. रस्ते इतके मोकळे की चौकात उभं राहिलं तर पार टोकाच्या पिंपळाची सळसळ कानावर यायची. आरोग्य खात्याच्या आशाताई कागद घेऊन दारोदार फिरत होत्या. घरात साठीच्या वरचं कोण, शुगर कोणाला, बीपी कोणाला, हृदयविकार कोणाला. आमच्या फाटकाबाहेर उभ्या राहून त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि मला विचारलं, "ताई, तुमच्यापुढं काय लिहू? हृदयविकार आहे का होता?"

 नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, आता तुम्ही बऱ्या झालात. बरं झालेल्या माणसाला आजार असतो का? आत्याबाई आतूनच ओरडल्या, "होता म्हना. आता मशीन हाय." आशाताईंच्या कागदावर मशीनसाठी रकाना नव्हता. त्यांनी बिचारीनं एक खूण केली, मग खोडली, मग पुन्हा केली. आज हसू येतं, पण त्या खोडलेल्या खुणेत माझी पुरती अवस्था उतरली होती.

आमचे हे वीज खात्यात लाइनमन. सगळं गाव घरात आणि हे खांबावर. रोज दहा घरी जाणं, दहा माणसांशी बोलणं. माझ्या मोबाईलवर तर सल्ल्यांचा पूर आलेला. हृदय ज्यांचं कमजोर त्यांनी उंबरठा ओलांडू नये. नाही, त्यांनी रोज चालावं, बसून राहिलं तर रक्त साकळतं. बीपीच्या गोळ्या धोक्याच्या. गोळ्या चुकूनही बंद करू नका. घरातल्या माणसांपासूनही लांब राहा. घरातल्यांपासून लांब राहायची काही गरज नाही. एकाच दिवशी, एकाच ग्रुपवर. मी शेवटी यवतमाळला ज्यांच्याकडे रक्त तपासायला जाते त्या डॉक्टरांना फोन लावला. चांगला माणूस. पाचव्यांदा लागला.

"सर, मी बाहेरच्या लोकांत जाऊ नये हे कळलं. पण घरच्यांत राहू की नको? यांची ड्युटी रोज बाहेरची आहे."

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू का ताई, आम्हालाही अजून नक्की माहीत नाही. वॉल बदललेल्यांना जास्त धोका आहे की नाही, कोणी ठामपणे सांगत नाहीये. माझी बहीण असती तर मी तिला म्हणालो असतो, काही दिवस वेगळी राहा."

"आणि रक्ताची तपासणी?"

"या महिन्यात नका येऊ. दवाखाना भरलाय. गोळी आहे तीच चालू ठेवा. पुढचं पुढे बघू."

मला त्यांचा राग नाही आला. माहीत नाही असं म्हणणारा तो त्या दिवसांतला एकच माणूस होता. पण फोन ठेवून मी हिशेब मांडला. लोकांत गेले तर तो आजार आणि नाही गेले तर रक्त घट्ट होण्याची धास्ती. दोन्हीकडून मीच. मिनू तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ओट्याखाली बसून कैरीला तिखट-मीठ लावत होती. तिच्याकडे बघून मी ठरवलं की बहीण असते तर जे केलं असतं तेच करायचं.

मागची खोली मला मिळाली. तिला अंगणाकडे एक खिडकी, आणि मधल्या खोलीत उघडणारं दार. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं. आत्याबाईंनी एकच अट घातली, "वायली राह्य, पन चूल एकच." आमच्याकडे वायलं म्हणजे वेगळं, आणि वायलं निघणं म्हणजे भांडून चूल वेगळी करणं. त्यामुळे व्हायचं तेच झालं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून माझं वेगळं घासलेलं ताट पाहिलं आणि आठवड्याभरात बातमी आळीभर झाली. सून वायली निघाली. आत्याबाई भर अंगणात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वायली निघाली नाही वं, वायली ठेवली हाय म्या. कोनाले काई इचारायचं आसंल तं तोंड बांधून फाटकापाशी या." कोणीच आलं नाही.

त्याच सुमारास नगरपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरायची. त्यात हिंदीत सारखं 'दो गज की दूरी' वाजायचं. मी आतून विचारलं, "आत्याबाई, गज म्हंजे किती हो?" माझी पिढी मीटर-सेंटिमीटरची. मापन शिकवणाऱ्या बाईला गज ठाऊक नव्हता. आत्याबाईंनी गेरूचा खडा आणला, माझ्या उंबरठ्यापासून मधल्या खोलीच्या फरशीवर कोपर टेकवलं, मधल्या बोटापर्यंत एक, पुन्हा कोपर, दोन. तिथे आडवी रेघ ओढली. "हे पाह्य. दोन हात. याच्या इकडे कोनी येनार नाही न् तिकडून तू येजो नोको." मिनू रोज त्या रेघेला पायाचे अंगठे लावून उभी राहायची आणि पुढे वाकायची. तोल जाऊन पडली तर रेघ ओलांडली असं धरायचं नाही, असा तिनं नियम केला होता. पडायची मात्र कधीच नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीला त्या वर्षी मिरवणूक निघाली नाही. दरवर्षी ज्या रस्त्यावर निळ्या गुलालानं माणसं ओळखू येत नाहीत तिथे चिडीचूप. संध्याकाळी प्रत्येक ओट्यावर मेणबत्त्या. मिनूनं एक मेणबत्ती रेघेवर आणून लावली आणि आत्याबाईंनी केलेली खीर वाटीत घालून काठीनं माझ्याकडे ढकलली. निम्मी सांडली. इतकी गोड खीर मी पुन्हा खाल्ली नाही.

मग सरगुंड्यांचे दिवस आले. मला वाटलं, या वर्षी राहील. पण आत्याबाईंनी कणकेचा गोळा दोन भाग करून एक भाग आणि चार काड्या काठीनं माझ्या उंबरठ्याशी सरकवल्या. मी आत खिडकीशी, त्या बाहेर अंगणात. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची आणि सुपावर भराभर पडणारे सरगुंडे. माझ्याकडून वळी तुटायची. गप्पांशिवाय ती वळतच नाही हे मला तेव्हा कळलं. माझे सरगुंडे बेंगरूळ झाले. आमरसात ते ओळखू यायचे आणि मिनू तेच वेचून खायची.

एवढं सगळं गोड आठवतं. एक गोष्ट मात्र मनात काट्यासारखी राहिली होती.

दुपारी जेवणं झाली की आत्याबाई मधल्या खोलीतला कूलर बंद करायच्या. बाहेर आग पाखडतेय, पत्रे तापून तडतडताहेत, आणि या कूलर बंद करायच्या. मग तोंडाला पदराचे तीन पदर गुंडाळून बरोबर त्या रेघेवर येऊन बसायच्या. गुडघे जवळ घेऊन, मान खाली, एक शब्द नाही. ही बाई अशी की भिंतीशीही बोलेल. आणि ती अर्धा अर्धा तास मुकी. मिनूनं काही बोलायला तोंड उघडलं की डोळे वटारून, "चूप बस उलसक," म्हणजे जरा गप्प बस. घामाच्या धारा लागायच्या दोघींच्या. मी विचारलं, कूलर काहून बंद केला? तर म्हणे, लाइट बिल येते. पोरगा वीज खात्यात आणि आई वीज वाचवतेय, असं मी मनाशी चिडून म्हणायचे.

पहिले काही दिवस मला वाटलं, सोबत करतात. मग वाटायला लागलं, पहारा करतात. मी रेघ ओलांडते की काय, पोरीला हात लावते की काय, यावर नजर. माणूस चार भिंतींत राहिला की मन वाकडंच चालतं. एका दुपारी मी फुटले. "मी का चोर हावो का? कायले पहारा देता रोज मले? बोलाचं नसंल तं जा न तिकडे. कूलर तं लावू द्या!"

आत्याबाईंनी नुसतं वर पाहिलं. पदराच्या वर फक्त डोळे. "झालं तुह्यं? आता बस चूप उलसक," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मान खाली घातली. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तिथेच. दार मात्र त्यांनी आधी काठीनं ढकलून उघडून ठेवलं होतं.

माझ्या वेगळं राहण्याचा शेवट असा झालाच नाही. कोणी आलं आणि म्हणालं, आता पुरे, असं घडलं नाही. जूनमध्ये यवतमाळचा दवाखाना उघडला, रक्त तपासलं, बरं निघालं. डॉक्टर म्हणाले, "वॉल चांगला असेल, धाप लागत नसेल, तर इतकं कडक पाळायची कदाचित गरज नव्हती. कदाचित होती. तुम्ही ठीक आहात ना, झालं तर." एक दिवस मिनूचा तोल खरंच गेला की तिनं मुद्दाम घालवला कोण जाणे, ती माझ्या अंगावर येऊन पडली आणि रेघेचा हिशेब संपला. गेरू पुढे कितीतरी महिने फरशीवर होता. पुसायला कोणाचा हात होत नव्हता.

आत्याबाईंशी मी नंतर कधी त्याबद्दल बोलले नाही. त्यांनी मला वायलं ठेवलं याचा राग नव्हता, तो निर्णय माझाच होता. पण त्या मुक्या दुपारींचा राग होता. ज्या दिवसांत मला एक शब्द हवा होता त्या दिवसांत त्यांनी तो दिला नाही, हे मी गाठीला बांधून ठेवलं होतं. त्या बाईच्या हातचं खात होते, तिची आजारपणं काढत होते, आणि आत कुठेतरी हे धरून होते.

गेल्या आठवड्यात डबा उतरला. मिनूची दहावीची परीक्षा झालेली, तिला कामाला लावायची आत्याबाईंना घाई. जुनं कापड विरलं होतं. त्या मिनूला म्हणाल्या, "दुकानात जाय न् मांजरपाट आन. चार गज."

"गज म्हंजे किती, आजी? दुकानदार मीटरनं देते."

"आता घ्या! दोन हात म्हंजे एक गज. माह्या बापाच्या हाती लोखंडी गज राहे, त्याच्यावर मोजून मोजून तं मी लहानाची मोठी झाली. चार गज म्हंजे आठ हात."

मी मधल्या खोलीत कूलरपुढे बसून वळी वळत होते. हात थांबला. आमच्या चौथीच्या पोरांनाही जमेल असं गणित होतं, पण मला पुन्हा एकदा मनात करावं लागलं. एक गज दोन हात. दोन गज चार हात.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या साली तुमी तं दोनच हात मोजले होते."

"काय?" त्यांना आता कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं पुन्हा म्हटलं.

"हाव. दोनच मोजले."

"गाडीवाला दोन गज म्हने. म्हंजे चार हात. तुमाले मालूम होतं?"

"कापडवाल्याची पोरगी हाव मी," त्यांनी काडीवरून सरगुंडा सरकवला. "कसं मालूम नाही?"

"मंग?"

 त्यांनी दुसरी काडी घेतली, वळी गुंडाळली. "रेघ ओढाच्या आंदी, पयल्या दिवशी चार हातावरच बसली होती. काईच आयकू आलं नाही. मंग उलसक सरकली. मंग आनखी. दोन हातावर आयकू आला. मंग तथी रेघ ओढली."

"काय आयकू आलं?"

"तुह्या वॉलाचा आवाज. अजून काय?" मीच मूर्ख असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्यं रगत कोठी तपासलं होतं थ्या महिन्यात? डॉक्टरनं पेन वाजवून दाखवला होता न, रुमाल बांधून. दबका झाला तं तुले कसा समजनार? तुह्या आंगातलाच आवाज थो. कोनीतरी बाहेरून आयकाले पायजे का नाही? कूलरच्या आवाजात आयकूच येत नव्हता मेला."

मिनू पैसे हातात घेऊन दारात तशीच उभी.  तो बंद कूलर, ती खाली घातलेली मान, चूप बस उलसक, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी ज्याला पहारा म्हटलं तो पहाराच होता. माझ्यावर नव्हता, माझ्यासाठी होता. ज्या गोष्टीबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं त्यात या न शिकलेल्या बाईनं आपलं एक माप काढलं होतं. आजारापासून लांब पण आवाजाच्या जवळ, आणि तोंडावर तीन पदर. बरोबर होतं की चूक, ते आजही कोणी सांगणार नाही.

"मले सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तू भेली असती. भेल्यावर छाती धडधडते. मंग मले दबका का धडका काय समजतं?" त्या पिठाचा हात झटकत हसल्या, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आता तं मले काईच आयकू येत नाही वं. किती दिवस झाले. वाजते न चांगलं?"

मी उठले. कूलर बंद केला. त्यांच्या शेजारी, मध्ये बोटभरही जागा न सोडता, जाऊन बसले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्याखाली ओढून घेतलं. पांढरे केस, त्यात कणीक. त्यांनी डोळे मिटले. दारातून मिनू काहीतरी विचारणार होती.

"चूप बस उलसक," मी म्हटलं.